त्या झाडाच्या डावीकडे

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर अभयारण्यात स्वतःच्या गाडीतून प्राणी शोधणं सोपं. सापडलेला प्राणी मागच्या सीटला दाखवणं, हे खरं काम.

"तो बघा, त्या झाडाखाली!" म्हणून भागत नाही. जवळजवळ 20 हजार चौरस किलोमीटरचं जंगल. त्यात झाडं सोडून आहे काय? सासूबाई नेमक्या उलट्या खिडकीतून बघतात, बायको म्हणते, "अहो, बोट काय दाखवताय, तोंडाने सांगा ना." यावर उतारा एकच. गाडीलाच घड्याळ मानायचं: बॉनेट म्हणजे बारा वाजले, उजवा आरसा साधारण तीन. "दोन वाजता, वारुळाच्या मागे," एवढं पुरतं. डिजिटल घड्याळावर वाढलेल्या पोरांची मात्र आदल्या रात्री जेवणाच्या ताटावर काटा-चमचा ठेवून शिकवणी घ्यावी.

दुसरं म्हणजे अख्खा प्राणी शोधायचाच नाही. सिंह दिसत नाही, गवतात फडकलेला कान दिसतो. बिबळ्याची आधी फांदीवरून लोंबणारी शेपटी दिसते. जंगलात खोडं उभी. त्यांत आडवी रेघ दिसली की ती बहुधा कुणाची तरी पाठ. नजर झुडपावर न ठेवता झुडपातून पलीकडे टाकायची. तरीही दहातले आठ 'सिंह' वारुळं किंवा ओंडकेच निघतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

डांबरी रस्त्यावर 50 ची मर्यादा, मातीच्या रस्त्यावर 40. पण बघायचं असेल तर 25 च्या वर काटा नको. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन मुक्कामाच्या कॅम्पांमधलं अंतर जेमतेम 45 किलोमीटर, त्याला दोन तास सहज लागतात. पहिल्या इम्पालाचे (तिथलं जागोजागी दिसणारं हरीण) चाळीस फोटो निघतात, शंभराव्याला कुणी मानही वर करत नाही. चूक इथेच होते. कळपातले सगळे इम्पाला चरायचं सोडून एकाच दिशेला बघत फुरफुरत असतील तर इंजिन बंद, काचा अर्ध्या खाली, दहा मिनिटं गप्प. (गप्प बसणं चकलीच्या डब्याला जमत नाही.) दुर्बीण 8×42 ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची), 10 पटीची हातात फार हलते. आणि दोन आणा, घरात शांतता हवी असेल तर.

हत्तीसमोर मात्र इंजिन चालूच ठेवायचं. कानशिलावरून काळपट ओघळ आणि मागचे पाय ओले, म्हणजे नर मदात आहे. मोबाइलच्या आधी रिव्हर्स गिअर. मागची गाडी चिकटून उभी असेल तर तोही कामाचा नाही, म्हणून आधीच जागा राखून थांबावं.

उतरायचं फक्त कॅम्पमध्ये आणि ठरवून दिलेल्या जागी. त्यामुळे पहाटेचा चहा अर्धा कप, हा घरातला सर्वांत अप्रिय नियम. स्कुकुझा-लोअर साबीच्या वाटेत मध्यावर नकुह्लूची पिकनिकची जागा आहे, तिथे सुटका होते. पण बबून आणि माकडं टपलेली असतात. दार उघडं टाकून स्वच्छतागृहाकडे धावलात तर चकल्या गेल्याच.

जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, गेट संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. उशीर झाला की दंड. आणि थंडीच्या संध्याकाळी सिंहांना ऊबदार डांबरी रस्ता फार आवडतो. सव्वापाच, गेट दहा किलोमीटरवर, आणि रस्ता अडवून तिघं आडवे. मागच्या सीटलासुद्धा न सांगता दिसतात.

बरोब्बर बारा वाजता.