पंढरपूर तेवढं वाचलं

"त्यात काय, साधी कॉन्फिग फाइल (प्रोग्रॅमला लागणारी माहिती लिहून ठेवलेली फाइल) तर वाचायचीय," असं आमचे मॅनेजर म्हणाले की मी घरी फोन करून सांगते, जेवायला थांबू नका. अवघड कामाला निदान मुदत मिळते. साध्या कामाला तीही नाही.

प्रकरण असं. एका क्लायंटची महाराष्ट्रभर दुकानं. प्रत्येक शाखेचं नाव, एसटीडी कोड, उघडायची-बंद व्हायची वेळ आणि रविवारी चालू की बंद, एवढं एका फाइलीत लिहायचं आणि आमच्या प्रोग्रॅमने ते वाचायचं.

फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे माहिती मांडायच्या कुठल्या पद्धतीत हवी, यावर आधी मीटिंग. पर्याय तीन: आयएनआय, जेसन आणि यॅमल. आयएनआय सगळ्यांच्या ओळखीची, पण तिला धड नियमावली नाही. कमेंट, म्हणजे माणसांसाठीची टीप, कुणी अर्धविरामाने सुरू करतो, कुणी हॅशने. जेसन शिस्तीची, पण तिच्यात कमेंटच लिहिता येत नाही. लोक कमेंटमध्ये पार्सरसाठी, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, सूचना घुसडायला लागले, म्हणून जेसनचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती सोयच काढून टाकली. वर शेवटच्या नोंदीपुढे एक स्वल्पविराम जास्तीचा राहिला की अख्खी फाइल नापास. आणि फाइल लिहिणार कोण, तर क्लायंटचे अकाउंटंट काका. स्वल्पविरामावरून काकांशी वाद घालायची माझी टाप नाही. म्हणून यॅमल. दिसायला किती गोजिरं! कंस नाहीत, अवतरणचिन्हं नाहीत.

पण अवतरणचिन्हं नसली की समोरच्याच्या मनात काय आहे ते यॅमल स्वतः ओळखतं. लग्न जुळवणाऱ्या मावशींसारखं, आपण तोंड उघडायच्या आत.

पहिल्याच डेमोत पुण्याचा एसटीडी कोड १६ दिसला. मुंबईचा १८, कोल्हापूरचा १५३. शून्याने सुरू होणारा आकडा दिसला की यॅमलची १.१ आवृत्ती तो अष्टमान पद्धतीतला, म्हणजे फक्त शून्य ते सात अंकांच्या मोजणीतला धरते. पुण्याचे ०२० म्हणजे आठ दुणे सोळा. पंढरपूरचा ०२१८६ मात्र जसाच्या तसा! कारण अष्टमानात आठ हा अंकच नसतो, तेव्हा पार्सरने हात टेकले आणि कोड निव्वळ मजकूर म्हणून सोडून दिला. टेस्टिंगवाल्या ताई म्हणाल्या, "पांडुरंगाची कृपा." कृपा त्या आठाची होती, पण डेमोच्या दिवशी कुणाची श्रद्धा मोडू नये.

वेळांची तऱ्हा आणखी वेगळी. दुकान ०९:३०ला व्यवस्थित उघडत होतं आणि १११० वाजता बंद होत होतं. १८:३० हा मजकूर साठमान पद्धतीतली संख्या समजून पार्सरने अठराला साठाने गुणलं आणि वर तीस मिळवले. ०९:३० वाचलं, कारण ही मेहेरबानी शून्याने सुरू होणाऱ्यांवर होत नाही. रविवारपुढचं 'नो' तेवढं बरोबर 'फॉल्स', म्हणजे प्रोग्रॅमच्या भाषेतलं 'नाही' झालं. याच हुशारीपायी नॉर्वे देशाचा 'एनओ' (NO) हा दोन अक्षरी कोडही 'फॉल्स' होतो. क्लायंटची ऑस्लोला शाखा नाही, हे आमचं नशीब. साठमान आणि 'नो' हे दोन्ही प्रकार २००९च्या १.२ आवृत्तीने बंद केले. पण यॅमल वाचायला आम्ही वापरतो ती पायथन भाषेतली तयार कोडची लायब्ररी अजून १.१ धरूनच बसलीय.

मला विचाराल तर पार्सर मठ्ठच बरा. लिहिलंय ते अक्षरशः हातात द्यावं, आकडा करायचा की नाही ते मी बघते. तसा लोडर, म्हणजे सगळं नुसता मजकूर म्हणून वाचून देणारा भाग, त्या लायब्ररीत आहेसुद्धा. पण रविवारचं हो-नाही आपोआप कळतंय यावर मॅनेजर इतके खूश होते की त्यांनी फर्मान काढलं, "कोड बदलू नका, काकांना अवतरणचिन्हं घालायला सांगा."

काकांनी घातली. वर्डमध्ये. वर्डने ती आपल्या सवयीने वळणदार करून दिली, आणि यॅमलच्या लेखी वळणदार चिन्हं म्हणजे नुसती अक्षरं. आता पावतीवर पुण्याचा कोड अवतरणचिन्हांसकट छापून यायला लागला, एखाद्या थोर माणसाच्या सुविचारासारखा थाटात.

"काका, चिन्हं सरळ हवीत," मी फोनवर म्हटलं.

"सरळच आहेत. तुमच्याकडे वाकडी दिसत असतील."

मग काकांनीच तोडगा काढला. "मॅडम, हे सगळं एक्सेलमध्ये देऊ का? आम्हाला तेच बरं पडतं." मॅनेजरांचा चेहरा उजळला. "बघा, किती साधं!"

संध्याकाळी शीट आली. पुणे २०, मुंबई २२, कोल्हापूर २३१. पुढचे शून्य एक्सेलने फालतू समजून झाडून टाकले होते. मी घाईघाईने खाली गेले. पंढरपूर, २१८६.