एफआयआरमध्ये नाव आलं म्हणून...

माझ्या भाच्याला अग्निवीर व्हायचंय. कराडजवळच्या गावात रोज पहाटे ५ ला उठून १६०० मीटर पळतो, बुटाचा सोल निघाला तर चिकटवून पळतो. गेल्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत हाणामारी झाली, एफआयआरमध्ये ११ पोरांची नावं घातली त्यात ह्याचं पण, आणि हा तर ढोल वाजवत होता. परवा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, पोलीस व्हेरिफिकेशनलाच उडणार गं पोरगं."

मी अमेरिकेत सॅन अँटोनिओत राहते, इथे गल्लीत दोन-चार घरं तरी मिलिटरीवाल्यांची असतातच. शेजारणीचा मुलगा १७ चा असताना दुकानात चोरी करताना सापडला होता. भरतीवाल्याने त्याला आधीच बजावलं, सगळं लिही, कोर्टाने सील केलेलं पण लिही, लपवलंस तर विषय संपला. मग कोर्टाचे कागद, शाळेतल्या कोचचं पत्र, चार महिने थांबला आणि वेव्हर, म्हणजे खास सूट, मिळाली.

इथलं सगळं भारी असं मी अजिबात म्हणत नाहीये. इराक युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा आर्मीने गंभीर गुन्ह्यांना दिलेले वेव्हर २००६ मधल्या २४९ वरून २००७ मध्ये ५११ वर गेले. आणि स्टीव्हन ग्रीन, किरकोळ गुन्ह्यांच्या वेव्हरवर आत आलेला, त्याने २००६ मध्ये साथीदारांसोबत इराकमधल्या महमूदियात १४ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला, आईवडिलांना, छोट्या बहिणीला, सगळ्यांना मारलं. हे वाचल्यापासून कुणालाही घ्या असं माझ्या तोंडून निघत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये अग्निपथवरून, म्हणजे ह्याच अग्निवीर भरतीच्या योजनेवरून, आपल्याकडे रेल्वे जाळल्या तेव्हा लष्कराने सांगितलं की जाळपोळीत नव्हतो असं लिहून द्या, पोलीस पडताळणी होणारच. ते मला तेव्हाही पटलं, आजही पटतं. पण जाळणारा कोण आणि नुसतं नाव आलेला कोण हे बघायला तर कुणीतरी बसायला हवं ना? सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या अवतार सिंग केसमध्ये सांगून ठेवलंय की किरकोळ केस चालू असेल आणि उमेदवाराने खरं लिहिलं असेल तर केसच्या निकालावर अवलंबून ठेवून नेमणूक देता येते. देता येते, द्यायलाच पाहिजे असं नाही, आणि तिथेच आपली पोरं अडकतात.

वयाची अट २१ ची. भाच्याला डिसेंबरात २१ पूर्ण होतायत, कोर्टाची पुढची तारीख जानेवारीतली आहे. पहाटे पळायला अजून जातोच.