पावणेचार रुपये

आमच्याकडे भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या मावशींनी पगारवाढ मागितली ती १३ नोव्हेंबर २०२५ रोजी, सकाळी साडेआठला, ओटा पुसता पुसता. तारीख नेमकी लक्षात आहे, कारण त्याच दिवशी पेपरात बातमी होती, की ऑक्टोबरमध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून मोजणी सुरू झाली तेव्हापासूनचा हा नीचांक. सरकार खूश, बँका खूश, आणि चहाचा दुसरा कप हातात असल्यामुळे मीही खूश.

"काका, दिवाळी होऊन गेली. आता पगाराचं बघा. तीनशे वाढवा."

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर छत्तीस वर्षं काढली. पैसे द्यायची वेळ आली की माझा हात खिशाकडे जात नाही, कागदाकडे जातो. मावशींचा पगार १५००. (कोथरूडच्या आमच्या इमारतीतला तो सर्वांत कमी आहे, हे मला फार उशिरा कळलं.) १५०० वर पाव टक्का म्हणजे तीन रुपये पंचाहत्तर पैसे. मी पेपर त्यांच्यापुढे धरला आणि सरकारी हिशेबाने पावणेचार रुपये वाढ रास्त ठरते, असं सांगितलं. सुट्ट्या पैशांची अडचण नको म्हणून चार द्यायचीही माझी तयारी होती.

मावशींनी ओट्यावरचं फडकं उचललं आणि बेसिनमध्ये पिळलं. इतकं सावकाश आणि इतकं शेवटच्या थेंबापर्यंत, की मी नकळत स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

"हा पाव टक्का कुणाच्या घरातला?" त्यांनी विचारलं.

प्रश्न चांगला होता, आणि मला शिकवायची हौस. मी सांगितलं, की सरकारची एक पिशवी असते. सगळ्या देशाची मिळून एकच. ती शंभर रुपयांची धरली तर त्यात जवळजवळ ४६ रुपये खाण्यापिण्याचे, शिक्षणाचे साडेचार, औषधपाण्याचे सहाच्या आत. ती दर महिन्याला भरून बघतात.

"साडेचार रुपयांत शिक्षण? पत्ता घ्या ना त्या शाळेचा. माझ्या पोरीचं नाव घालते."

आता ही पिशवी भरली होती २०११-१२ च्या पाहणीवरून, हे सांगायचा मोह मी आवरायला हवा होता. २०२६ मध्ये ती बदलली, पण तेव्हा तिच्यात व्हीसीआर होता, कॅसेटी होत्या, टांग्याचं भाडंसुद्धा होतं. पुण्यातला टांगा कधी गेला ते नक्की कुणालाच आठवत नाही; माझ्या पिढीला आठवते ती फक्त घोड्याची लीद. पण देशाची महागाई मोजताना तेव्हाही कुणीतरी कुठेतरी टांगेवाल्याला भाव विचारत असावं. इथे पुण्यात सिटी बसचं कमीत कमी तिकीट १ जूनपासून पाचाचं दहा झालं. मावशी वारज्याहून रोज त्याच बसने येतात. वाढ शंभर टक्के. बसभाडं दिल्ली ठरवत नाही हे मान्य, पण मावशींना दिल्लीने टांग्यात बसवू नये.

दुसऱ्या दिवशी मावशी वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या. नंतर मी पाहतो तो, तीन ताटं इतकी लखलखीत की त्यात दाढी करावी. दुधाचं पातेलं मात्र सायीसकट जसंच्या तसं. हॉल दोनदा पुसलेला, आतल्या खोलीत केरसुणीचं पाऊलही नाही. मी फोन केला.

"काका, तुमच्याच हिशेबानं केलंय," मावशी म्हणाल्या. "सरासरी काढा. घर स्वच्छ आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण तिला इतकं मनापासून हसताना मी दोनदाच पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा निमित्त मीच. हसून झाल्यावर तिने दोन पिशव्या आणि हातभर यादी माझ्या हातात दिली. "अहो अर्थमंत्री, मंडईत जा. गेल्या नोव्हेंबरात जेवढ्यात भरलं होतं, त्यावर पाव टक्का जास्त घेऊन जा. परत आलात की बोलू." गेल्या वर्षीचा खर्च तिच्या वहीत होताच. हिशेबाच्या वह्या ठेवायला मीच शिकवलं होतं.

महात्मा फुले मंडईत आता मेट्रोने जाता येतं. वर आलं की ती अष्टकोनी दगडी इमारत दिसते. एकोणिसाव्या शतकात ती बांधायचं ठरलं, तेव्हा नगरपालिकेचे सभासद म्हणून जोतीराव फुल्यांनी एवढा पैसा इमारतीवर उधळायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच, नाव दिलं ब्रिटिश गव्हर्नराचं, आणि पुढे बदलून फुल्यांचं. सरकारी खर्चावर टीका करणाऱ्याची पुणं कदर करतं, फक्त थोडा वेळ घेतं.

खरं सांगतो, पहिला अर्धा तास मला सरकारचा अभिमान वाटला. कांदा पंचवीस. टोमॅटो तीस. मेथीची जुडी दहाला, आणि भाजीवाल्या आजी स्वतःहून म्हणाल्या, "दोन घे की, पंधरा दे." मंडईत कुणी स्वतःहून भाव पाडला की आधी संशय येतो, पण पेपरातही हेच होतं. वर्षभरात भाज्या देशभरात २७ टक्क्यांहून जास्त उतरलेल्या. मग भुसाराकडे वळलो. नारळ चाळिसाच्या आत एकही नाही. खोबरेल तेलाच्या अर्ध्या बाटलीला गेल्या वर्षीच्या अख्ख्या बाटलीचे पैसे. बायकोच्या यादीत शेवटी ‘नातीसाठी कानातले, नुसता भाव विचारून या’ असं होतं, म्हणून लक्ष्मी रोडला डोकावलो. भाव ऐकला आणि दुकानातलंच पाणी पिऊन बाहेर आलो. सरकारी वर्गवारीत सोनं कुठे बसतं माहीत आहे? ‘वैयक्तिक निगा’ या गटात. साबण आणि टूथपेस्टच्या शेजारी.

पण कांद्याची खुशी अजून टिकून होती. ती कुणाला तरी सांगावी म्हणून मंचरला मेहुण्याला फोन लावला. आयुष्यात मी अनेक मूर्खपणा केले आहेत, पण कांदा पिकवणाऱ्या माणसाला "कांदा काय स्वस्त झालाय रे!" असं फोन करून सांगणारा मी पहिलाच असेन.

तिकडे थोडा वेळ नुसती मोटारीची घरघर. मग, "कितीला घेतला, दाजी?"

"पंचवीस."

"मला नऊ मिळाले. गोणी, हमाली, टेम्पो वजा करून. पिकवायलाच सोळा-सतरा गेलेत." आणि मग, पाहुणचार म्हणून, "अजून पाहिजे का? कांदाचाळीत सडायलाय, दोन गोण्या पाठवतो. पैसे नको."

मी मंडईच्या पायरीवर बसलो. म्हणजे ज्या आकड्यावर मी मावशींना पावणेचार रुपयांत गुंडाळायला निघालो होतो, त्यात माझ्या मेहुण्याचे सोळा वजा नऊ घातलेले होते. तो बुडाला म्हणून देश स्वस्त झाला.

आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. छत्तीस वर्षं आकड्यांवर पोट भरलं. त्यांना खोटं म्हणणं कृतघ्नपणा. माझी तक्रार त्या आकड्याचे पेढे वाटण्यावर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा जरा चढला, तर निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. डिसेंबरात निर्यातच बंद, ती मे २०२४ पर्यंत. शुल्क पूर्णपणे उठलं १ एप्रिल २०२५ ला, तोवर बाहेरची गिऱ्हाइकं दुसऱ्या दाराशी गेलेली. म्हणजे भाव चढला की दिल्लीला रात्रीची झोप नाही, पडला की दिवसाही जाग नाही. कारण भाव चढला तर ओरडणारा मी असतो. कोथरूडचा, पेपर वाचणारा, मतदानाच्या आदल्या दिवशी कांद्याचा भाव आठवणारा. गेली काही वर्षं माझ्याच डोळ्यांतलं पाणी पुसण्यासाठी मेहुण्याचा खिसा कापला जातोय, आणि मी त्याला फोन करून सांगतोय की डोळे कोरडे आहेत.

आमच्या अर्थमंत्रीणबाई २०१९ मध्ये लोकसभेत म्हणाल्या होत्या, की त्या कांदा-लसूण फारसं खात नाहीत. २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं, रुपया घसरत नाहीये, डॉलर मजबूत होतोय. ही विचारपद्धती मला मनापासून आवडते. माझंही पोट सुटलेलं नाही. पँटी आखडल्या आहेत.

घरी आलो तर लिफ्ट बंद. ती दिवाळीपासूनच बंद आहे. सोसायटीत कोटेशनं मागवणं चालू आहे. दोन पिशव्या घेऊन तिसरा मजला. पहिल्या मजल्यावर धाप लागली, दुसऱ्यावर महागाईचा दर नीट समजला. गेल्या वर्षी ऑक्टोबरात हाच दर ६.२१ टक्के होता. म्हणजे गेल्या वर्षीच आपण जिना चढून वर आलो. यंदा वरच उभे आहोत, म्हणून चढ जवळजवळ शून्य. हे गणित बरोबर आहे. पण तळमजल्यावर आणून सोडल्यासारखे हारतुरे कशासाठी?

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मावशी भेटल्या. वरच्या जोशीकाकूंचं काम आटपून खाली येत होत्या. काही न बोलता त्यांनी जड पिशवी माझ्या हातातून घेतली आणि उलट्या वळून जिना चढायला लागल्या. हा खरा अपमान. माणसाशी पावणेचार रुपयांवरून भांडण चालू असताना त्याने आपली पिशवी उचलू नये.

"काका, एक विचारू?" दोन पायऱ्या पुढून त्या म्हणाल्या. "मागल्या महिन्यात ताईंनी शिरा दिला होता, साजूक तुपातला. तो कशाचा होता?"

मी गप्प.

"डीए वाढला म्हणून दिला होता ना?"

दिला होता. माझ्या पेन्शनवरचा महागाईभत्ता ५५ चा ५८ टक्के झाला, तोही १ जुलैपासून, फरकासकट. आता हा डीए वेगळ्या निर्देशांकावर ठरतो, औद्योगिक कामगारांच्या, बारा महिन्यांच्या सरासरीवर. त्याची या पाव टक्क्याशी सरळ तुलना करता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या माझी बाजू भक्कम होती. पण दम इतका लागला होता, की तोंडातून ‘औद्योगिक’ हा शब्द फुटेना. आणि डोक्यात आपोआप बेरीज-वजाबाकी सुरू झालेली: १५५ वर ३, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. सरकार स्वतःच्या माणसाला सहा महिन्यांचे दोन टक्के देतं, आणि मी मावशींना वर्षाचा पाव देत होतो. वर मेहुणा दोन गोण्या फुकट पाठवतोय.

दार बायकोने उघडलं. तिने पिशव्या पाहिल्या, माझा चेहरा पाहिला आणि वही मागितली. भाजीत वाचलेले दीडशे एका रकान्यात, बाकी जास्तीचे आठशे दहा दुसऱ्या रकान्यात. खाली रेघ. मग मावशींना चहा टाकता टाकता तिनेच सांगितलं, "एक तारखेपासून अठराशे. आणि ते पातेलं आज घासून जा बाई, सकाळपासून त्यात मुंग्या आहेत."

मला कुणी विचारलं नाही. अर्थखातं माझ्याकडून त्याच दिवशी काढून घेतलं गेलं असावं. तसं लेखी काही मिळालेलं नाही.

कांद्याच्या दोन गोण्या रविवारी आल्या. जिन्यातून वर मीच आणल्या, चार खेपांत. त्यातला निम्मा कांदा मावशी घेऊन गेल्या.

१३ डिसेंबरला पेपरात नोव्हेंबरचा आकडा आला: ०.७१ टक्के. १८०० वर ०.७१ म्हणजे बारा रुपये अठ्ठ्याहत्तर पैसे. मावशी आतल्या खोलीत केर काढत होत्या, अगदी पलंगाखालचासुद्धा. मी पेपराची घडी घातली आणि रद्दीच्या गठ्ठ्यात मधोमध सारून ठेवली.