सगळे नॉब उजवीकडे

सबवूफर, म्हणजे बेस वाजवणारा मोठा स्पीकर, गाडीच्या डिकीत बसला, वायरी ओढून झाल्या, अ‍ॅम्पचा दिवा लागला. आता मॅन्युअल उघडून बघायचा मोह होईल. आवरा. ते भित्र्यांसाठी छापलेलं असतं. आपल्याला वूफर नुसता वाजवायचा नाहीये, वाजवून दाखवायचाय. नुसता वाजवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि टिकाऊ वस्तूचं कुणाला काय कौतुक?

सुरुवात गेनपासून. अ‍ॅम्पच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचा जो खोलगट नॉब असतो, तो म्हणजे आवाजाचा नॉब, अशी खूणगाठ बांधा. त्याच्या डाव्या टोकाला ६ व्होल्ट आणि उजव्या टोकाला ०.२ व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती ताकदीचा धरायचा, एवढंच तो नॉब अ‍ॅम्पला सांगत असतो. पूर्ण उजवीकडे फिरवला की निरोप जातो, ‘बाबा रे, माझा स्टिरिओ फार अशक्त आहे. ०.२ व्होल्ट आले की तू सगळा जोर लाव.’ प्रत्यक्षात स्टिरिओ असतो ४ व्होल्ट देणारा, धडधाकट. मग व्हॉल्यूम जेमतेम सरकतो न सरकतो तोच अ‍ॅम्पची हद्द संपते, आणि तुमचा हात तर अजून वर चाललेला असतो.

हद्द संपल्यावर काय होतं? अ‍ॅम्पकडे जेवढा व्होल्टेज आहे त्याच्या वर लाट चढू शकत नाही. तिचं डोकं छाटलं जातं आणि गोल टेकडीचं पठार होतं. याला क्लिपिंग म्हणतात. गंमत अशी, की पूर्ण चपट्या झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे ३०० वॉटचा अ‍ॅम्प पुरता चेपला की ६०० वॉटच्या आसपास ओकू लागतो. ‘अ‍ॅम्प वूफरपेक्षा लहान आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या मित्राला कायम जवळ ठेवा, त्याच्यासारखा जाळणारा दुसरा मिळायचा नाही. त्यात वूफरला दिलेल्या पॉवरमधून आवाज होतो तो एखाद-दुसरा टक्का. बाकीची सगळी उष्णता, आणि ती मुरते बारीक तारेच्या एका कॉईलमध्ये. खरं तर ती शेगडीच, फक्त मधूनमधून गाते.

आता बेस. बेस वाढवताना ‘बास’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. स्टिरिओवरचा बेस वाढवा, इक्वलायझरची डावीकडची पट्टी वर न्या, लाउडनेस चालू करा आणि मग अ‍ॅम्पवरचा बेस बूस्ट +१२ डेसिबलला नेऊन ठेवा. १२ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. हिशेबात ती जवळपास १६ पट पॉवर होते. ज्या ठोक्याला मघाशी ३० वॉट पुरत होते, तो आता ४८० मागतो. अ‍ॅम्पकडे नसले तर? मग वर सांगितलेलं पठार आहेच.

वूफर विकत घेताना खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा धरा, ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असं लिहिलेला. त्याच्या खाली बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत सोसवेल एवढी पॉवर, म्हणून एक गरीब आकडा असतो. तो कॉईलसाठी असतो, आपल्यासाठी नाही.

वूफरचा बॉक्स पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला असेल, तर अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर बंद करायला विसरू नका. बंद बॉक्समध्ये आतली हवा स्प्रिंगसारखी कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, आवरून धरते. पोर्टवाल्या बॉक्समध्ये तो ज्या फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेला असतो तिथपर्यंतच हा आधार. समजा बॉक्स ३५ हर्ट्झचा आहे. २० हर्ट्झचा सूर आला की कोन सुटतो मोकाट. ऐकू फारसं काही येत नाही, पण कोन असा काही आत-बाहेर करतो की बघणारा खूश होतो. डिकी उघडी ठेवून मित्रांना दाखवा. थोड्या वेळाने ‘टक्, टक्’ असा आवाज येईल. आतली कॉईल मागच्या प्लेटवर आपटतेय, ठेका धरलाय असं समजा.

वायरिंगवर फार बोलत नाही. ओहम कमी तितका भार जास्त, म्हणून २ ओहमच्या खाली न चालणाऱ्या अ‍ॅम्पला १ ओहमचा भार द्या, अर्थची वायर रंगावरच स्क्रूने आवळा, बॅटरीजवळचा फ्यूज विसरा. (हा शेवटचा विनोद मात्र फक्त वाचायचा. तो फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवाच. नसला तर वूफर नाही, गाडी जळते.) अ‍ॅम्पवर ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागला तर ती रोषणाई.

घाबरट लोकांची पद्धत वेगळी. ते आधी वूफरची वायर अ‍ॅम्पवरून काढतात, बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर आणतात, गेन पूर्ण डावीकडे नेतात. स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावतात आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलला मल्टिमीटर एसीवर लावून बसतात. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॉट, २ ओहम, म्हणजे ३१.६ व्होल्ट. नॉब केसभर, आणखी केसभर फिरवत आकडा आला की थांबतात. वूफर परत जोडतात आणि त्या नॉबला पुन्हा हात लावत नाहीत. नॉब बहुतेक वेळा अर्ध्यावरही पोचलेला नसतो. किती रसहीन आयुष्य!

मी अर्थातच या लोकांतला नव्हतो. आधी वास आला. जळक्या वार्निशचा, थोडा गोडसर, नाकात बसणारा. मला वाटलं पुढच्या गाडीचा क्लच जळतोय, म्हणून काचा वर केल्या. वास वाढला. वूफर तेवढ्यात फरफरला आणि गप्प झाला. घरी येऊन चारी बोटं कोनवर सारखी टेकवून हळूच दाबलं, तर आतून वाळू घासल्यासारखी खरखर हाताला लागली.

दुरुस्तीवाल्याने वूफर हातात घेतला, मीटर न लावता नुसता हुंगला आणि विचारलं, “गेन किती ठेवला होता, साहेब?”

“कंपनीतून आला तसाच,” मी म्हणालो. “हातच नाही लावला.”

त्याने अ‍ॅम्प उजेडाकडे वळवला. नॉब उजवीकडे टेकलेला होता, आणि तो आणखी थोडा फिरतोय का हे बघताना मी त्याची खाच पार झिजवून टाकली होती.