मोबाईल येतो, पण फाईल कुठे गेली?

बाई, नमस्कार.

शालेय अभ्यासक्रमाच्या निकषांत डिजिटल कौशल्यं यायला हवीत, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळं लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मुलांना मोबाईल मोठ्यांपेक्षा जास्त येतो, तो शाळेने काय शिकवायचा? ज्यांना अजून जोडाक्षरं अडतात, हातचा घेता येत नाही, त्यांच्या डोक्यावर आणखी एक विषय कशाला? पुस्तक छापून वर्गात येईपर्यंत त्यातलं सॉफ्टवेअर शिळं झालेलं असतं. आणि स्वीडनसुद्धा पुस्तकांकडे परत फिरला. शेवटी तुम्ही विचारलंत, 'कधी चाळीस मुलांसमोर उभे राहिलायत का?' नाही राहिलो. ते आधीच कबूल करून टाकतो.

शिळेपणाचा मुद्दा मान्य, तो मूळ लेखात मीच मांडायला हवा होता. इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं. तिथे आयसीटी (माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान) नावाचा विषय होता आणि बऱ्याच शाळांत मुलं त्यात टायपिंग, तक्ते आणि स्लाईडची सजावट यापलीकडे जातच नव्हती. रॉयल सोसायटी या तिथल्या नामांकित विज्ञानसंस्थेने २०१२ च्या अहवालात त्यावर कोरडे ओढले. सप्टेंबर २०१४ पासून त्या जागी कम्प्युटिंग हा विषय आला. त्याचा मसुदा वाचून पाहा, जेमतेम काही पानांचा आहे. कुठलं सॉफ्टवेअर वापरा हे त्यात सांगितलेलंच नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सूचनांचा क्रम लावता यावा, चुकलेली पायरी शोधता यावी, मोठ्या मुलाला एकच काम करणाऱ्या दोन पद्धती ताडून पाहता याव्यात, अशा भाषेत तो लिहिलाय. 'अमुक मेनूतलं तमुक बटण दाबा' असं निष्पत्तीत, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्या यादीत, लिहिलं की ती दोन-तीन वर्षांत मेलीच. 'क्रम लावा' ही कशी शिळी होणार?

आता हातच्याकडे येतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला तो शब्द मला फार आवडला.

पाच पुठ्ठे घ्या. एकावर १ ठिपका, मग २, ४, ८ आणि १६. पाच मुलांना पुढे बोलवा. तुमच्या उजव्या हाताला १ वाला, डावीकडे टोकाला १६ वाला. ठिपके दाखवायचे किंवा पुठ्ठा उलटा धरायचा, तिसरं काही नाही. वर्गाला म्हणा, तेरा करा. थोडी धक्काबुक्की होते, मग ८, ४ आणि १ वर राहतात. दाखवलेल्याला १ आणि उलट्याला ० म्हटलं की फळ्यावर ०११०१ उमटतं. फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहायची ही द्विमान पद्धत. आता सात करायला सांगा: ४, २, १. आणि म्हणा, यात एक मिळवा. १ वाला पुठ्ठा आधीच वर आहे, म्हणजे त्याला खाली जावं लागतं आणि हातचा शेजाऱ्याकडे जातो. तोही वर आहे, तोही खाली. त्याच्या शेजारचाही. मग ८ वाला एकटा वर येतो. तीन मुलं एकापाठोपाठ पुठ्ठे फिरवतात आणि हातचा सरकताना डोळ्यांना दिसतो. एकतीसनंतर आणखी एक मिळवायला सांगितलं की कुणीतरी सहावा गडी मागतंच.

ही युक्ती माझी नाही. न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठातले संगणकशास्त्राचे लोक असे वीज न लागणारे खेळ कित्येक वर्षं शाळांना फुकट देत आले आहेत, 'अनप्लग्ड' या नावाने. यात पडदा नाही, वेगळा तास नाही. आहे तो गणिताचाच तास. मूळ लेखात मी 'समावेश' म्हणालो तो या अर्थाने. नवा विषय असं म्हणालो नव्हतो, पण माझी वाक्यरचना तसा समज होण्यासारखी होती खरी.

राहता राहिलं मुलांना 'येण्याचं'. माझी भाची नववीत आहे. व्हिडिओ कापून, जोडून, त्यावर गाणं चढवून दोन मिनिटांत माझ्यासमोर धरते. तिला झोपेवर प्रकल्प करायचा होता. आदल्या रात्री फाईल सापडेना. कुठे ठेवलीस विचारलं तर म्हणाली, 'वर्डमध्ये.' म्हणजे वही कुठे ठेवलीस, तर 'पेनात.' शोधल्यावर 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरी' अशा तीन निघाल्या. ते एक वेळ जाऊ दे. किती तास झोपावं हे तिने ज्या पानावरून उतरवलं होतं ते मी तळापर्यंत नेलं, तर खाली गाद्यांच्या किमती! पान गाद्या विकणाऱ्याचं होतं. तिने तिथवर पाहिलंच नव्हतं.

तिला हसण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतिहासात पीएचडी केलेले १०, व्यावसायिक तथ्य-तपासनीस १० आणि विद्यापीठाचे २५ विद्यार्थी घेऊन त्यांना अनोळखी संकेतस्थळं जोखायला दिली. इतिहासवाले आणि विद्यार्थी ते पानच निरखत बसले आणि बरेचदा रुबाबदार मांडणीला फसले. तपासनीस मात्र लगेच पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि हे चालवणारे कोण याची चौकशी करून आले. इतकी साधी सवय, पण पीएचडीवाल्यांनाही ती आपोआप लागली नव्हती. आठवीच्या मुलांना संगणक आणि त्यावरची माहिती कितपत हाताळता येते याची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली २०१८ मध्ये, आयसीआयएलएस नावाची. तिच्यात सगळ्यात वरच्या पातळीला पोचलेली मुलं सरासरी २ टक्के. अंगठा भराभर चालतो, एवढंच आपण पाहतो आणि येतं म्हणतो.

स्वीडनबद्दल दोनच वाक्यं. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी पैसे काढले आणि बालवाडीतली डिजिटल साधनांची सक्ती नको म्हटलं, आणि ते बरोबरच केलं असं मलाही वाटतं. पण ती माघार पुस्तकाच्या जागी आलेल्या पडद्याची. गणितात २०१८ पासून आलेल्या प्रोग्रॅमिंगशी तिचा संबंध नव्हता. नुसती यंत्रं आणून भागत नाही हे ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय: शाळांच्या संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञानात डोळ्यांत भरेल अशी सुधारणा दिसली नाही.

तुमचा चाळीस मुलांचा प्रश्न मात्र मला सोडवता आलेला नाही. इंग्लंडमध्येही कागद चांगला होता, पण शिक्षक तयार नव्हते. २०१७ मध्ये त्याच रॉयल सोसायटीला लिहावं लागलं की शिकवणं विस्कळीत आणि तकलादू आहे. त्याहून मला धास्ती परीक्षेची. पुठ्ठ्यांचा खेळ अभ्यासक्रमात आला की पुढच्याच वर्षी प्रश्नपत्रिकेत 'द्विमान पद्धतीची चार वैशिष्ट्ये लिहा' येणार आणि मुलं ती घोकणार. गादीवाल्याचं पान ओळखता येतं का, हे तीन तासांच्या लेखी पेपरात कसं तपासायचं? मूळ लेखात मूल्यमापनावर मी चार ओळींत उरकलं होतं. तो परिच्छेद काढून नव्याने लिहायला घेतलाय. वर्गात तुम्ही तोंडी परीक्षा कशी घेत होतात, एका मुलाला किती मिनिटं मिळायची, हे सविस्तर कळवाल का?