कॉलेजातले कोरोनाचे नियम म्हणजे ‘पोरखेळ’ होता?

कुठल्याही नव्या विषाणूची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कोरोनात कॉलेजं आणि विद्यापीठं दर महिन्याला नियम बदलत होती. आधी मास्क नको, मग मास्कशिवाय गेटच्या आत पाऊल नाही. कॉलेज उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. विलगीकरण सतरा दिवसांवरून सातावर आलं. शेवटी गुढीपाडव्याला एका रात्रीत सगळं गुंडाळलं. म्हणजे कुणालाच काही कळत नव्हतं, सगळा पोरखेळ होता, आणि पुढच्या वेळी असले नियम कुणी पाळू नयेत.

यातल्या शेवटच्या वाक्याचा मला घोर वाटतो. बाकी राग समजण्यासारखा आहे. मुलांची दोन वर्षं मोबाइलच्या पडद्यासमोर गेली, प्रयोगशाळेत पाऊल न टाकता काहींच्या हातात विज्ञानाची पदवी आली. त्या काळात मी एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम पाहत होते. नवं परिपत्रक आलं की जुनं काढून नवं फलकावर लावायचं, आणि भोवती जमलेल्या मुलींच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हे माझ्याकडे होतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

मास्कपासून सुरुवात करू. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की मास्क आजारी माणसाने आणि त्याची काळजी घेणाऱ्याने वापरावा. तोवर समज असा होता की खोकणारा, ताप असलेला माणूसच मुख्यतः आजार पसरवतो. शिवाय डॉक्टर-नर्सनाच मास्क पुरत नव्हते. मग जपानच्या किनाऱ्याला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजाची माहिती बाहेर आली. जहाजावर ३,७०० च्या वर माणसं होती, त्यातल्या ७०० हून अधिक जणांना लागण झाली, आणि त्यातल्या निम्म्यांच्या आसपास लोकांना तपासणीच्या वेळी कसलीच लक्षणं नव्हती. ठणठणीत दिसणारा माणूसही विषाणू घेऊन फिरतो म्हटल्यावर ‘फक्त आजाऱ्याने मास्क लावा’ या नियमाला अर्थच उरला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राने घरी शिवलेला मास्क वापरायला सांगितलं, ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने सक्ती केली, ५ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनेही सल्ला बदलला. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची बरोबर आहे. ‘सध्या साठा कमी आहे, तो दवाखान्यांसाठी राहू द्या’ असं सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी जगभर अनेक ठिकाणी ‘सामान्यांना उपयोग नाही’ असं सांगितलं गेलं, आणि त्याने विश्वासाला तडा गेला तो गेलाच.

उघड-बंदचा मुद्दा सगळ्यात जास्त पटवून दिला जातो, म्हणून तारखाच बघा. राज्यातली कॉलेजं १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या उपस्थितीने उघडली. त्याच महिन्यात अमरावतीत रुग्ण भराभर वाढले, २२ तारखेपासून तिथे पुन्हा टाळेबंदी लागली, आणि बघता बघता दुसरी लाट राज्यभर पसरली. तेव्हा अठरा-वीस वर्षांच्या मुलांना लस मिळतच नव्हती; १८ वर्षांवरच्यांची लस १ मे ला सुरू झाली. १३ मे ला कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. ज्या मुलीला पहिला डोस जुलैच्या मध्यावर मिळाला, तिचा दुसरा ऑक्टोबरच्या आधी होणं शक्यच नव्हतं. कॉलेजं दोन्ही डोस झालेल्यांसाठी उघडली ती २० ऑक्टोबरला. ही तारीख कुणी डोळे मिटून काढलेली नव्हती.

पुढे ओमिक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आला. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात कॉलेजं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद केली गेली. पण लाट लवकर ओसरताना दिसली, तेव्हा ठरलेल्या तारखेची वाट न बघता १ फेब्रुवारीलाच उघडली. बंद लांबवलं की ओरड होते, तशी ते दोन आठवडे आधी उठवल्याची आठवणही ठेवायला हवी.

आणि हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल परिसरात १० ऑगस्ट २०२० ला वर्ग भरले. पहिल्याच आठवड्यात १३० विद्यार्थी बाधित निघाले, आणि १७ तारखेला पदवीचे वर्ग ऑनलाइन करायचं जाहीर झालं. जाहीर केलेला निर्णय आठवडाभरात मागे घेणं नामुष्कीचं वाटत असेल. तरी हट्टाने वर्ग चालू ठेवणं त्याहून वाईट झालं असतं.

‘विषाणू काय कॅलेंडर बघून बाहेर पडतो?’ हा टोमणा विलगीकरणावर. मे २०२० मध्ये केंद्राच्या सूचनेत घरच्या विलगीकरणाचे १७ दिवस होते, जुलैत १० झाले, ५ जानेवारी २०२२ ला ७ झाले, तेही शेवटचे सलग तीन दिवस ताप नसेल तरच. सतरावरून दहावर येण्याचं कारण साधं आहे. आरटीपीसीआर चाचणीत विषाणूचे निर्जीव तुकडेही आठवडेच्या आठवडे सापडतात. त्या नमुन्यांतून जिवंत विषाणू प्रयोगशाळेत वाढवून बघितला, तेव्हा सौम्य आजारात तो साधारण दहा दिवसांनंतर क्वचितच वाढतो असं दिसलं.

वसतिगृहात या बदलाचा परिणाम डोळ्यांनी दिसला. तळमजल्याच्या टोकाच्या खोल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. दाराबाहेर स्टूल, त्यावर मेसचा डबा, भांडी त्याच खोलीत धुवायची. तिथे दहा दिवस काढायचे, प्रात्यक्षिकं बुडवायची, या भीतीने मुली सर्दी लपवायच्या. रात्री खोकला ऐकू यायचा आणि सकाळी ‘काही नाही मॅडम, ॲलर्जी आहे’. फेब्रुवारीत त्या परत आल्या तेव्हा नियम सात दिवसांचा होता, आणि घसा दुखायला लागल्या दिवशीच मुली ऑफिसच्या दाराशी येऊन सांगू लागल्या. झेपण्याजोगा नियम लोक पाळतात, हे मला त्या खोल्यांनी शिकवलं.

आता ज्या मुद्द्यावर मी मेसेजच्या बाजूने उभी आहे, तो. गेटवरची ताप मोजणारी थर्मल गन, माणसांवर फवारणी करणारे बोगदे, काउंटरवरचे प्लॅस्टिकचे पडदे, ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं ७२ तास बाजूला ठेवणं. यातलं बरंच निरुपयोगी होतं, काही घातकही. पण हे नियम बदलल्यामुळे झालं नाही, वेळेवर न बदलल्यामुळे झालं. माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० लाच सांगितलं होतं. तरी विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि नोव्हेंबरात न्यायालयाला सरकारला या बोगद्यांबद्दल निर्देश द्यावे लागले. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की हा आजार हवेतूनही पसरतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं म्हटलं. म्हणजे खर्च खिडक्या, पंखे, एक्झॉस्ट यांवर व्हायला हवा होता. तरीही कितीतरी कॉलेजांत बाकं पुसणं चालू राहिलं आणि कॉम्प्युटर लॅब एसी लावून, दारं बंद करून भरत राहिली. कपाळावर गन धरली की काहीतरी केल्यासारखं दिसतं, खिडकी उघडी ठेवली तर तसं काही दिसत नाही. लक्षणं नसलेली मुलगी त्या गनसमोरून आरामात आत जायची.

राहिला गुढीपाडवा. १२ जानेवारी २०२२ ला राज्यात एका दिवसात ४६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते. मार्चअखेरीस ते दिवसाला दोनशेच्या आत आले. म्हणून २ एप्रिलपासून निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. सणाचा मुहूर्त साधला हे खरं, पण आकडे आधीच खाली आले होते.

पुढच्या वेळी नियम बदलतील, आणि बदलायलाच हवेत. विद्यार्थ्यांनी, पालकांनी एवढं मागावं: प्रत्येक परिपत्रकावर तारीख असावी, आधीची कोणती सूचना रद्द झाली ते असावं, नवं काय कळलं म्हणून बदल केला ते दोन ओळींत असावं, आणि पुन्हा आढावा कधी घेणार ती तारीख असावी. एखाद्या परिपत्रकात यातलं काही नसेल, तर प्राचार्यांना लेखी विचारा.