फ्रिजमधलं पेन

यंदा हरतालिकेच्या आदल्या दिवशी दादरला ताईकडे पोचले. फ्रिज उघडला तर दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, सेमाग्लुटाइडचं, म्हणजे साखर आणि वजन उतरवणाऱ्या आठवड्याच्या इंजेक्शनचं, पेन. मी विचारलं, "चिठ्ठी कुठल्या डॉक्टरांची गं?" तर म्हणाली, "ऑफिसातल्या मैत्रिणीचं आहे. तिला सोसलं नाही, अर्धं उरलं होतं."

ताईला मधुमेह आहे. रोज सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. त्यात हे इंजेक्शन, तेही मैत्रिणीच्या वाढवत नेलेल्या डोसवरून थेट सुरू केलेलं, आणि वर हरतालिकेचा उपास. "यंदा भूकच लागत नाही बघ," असं कौतुकानं सांगत होती. उपासाच्या दिवशी दुपारी चारला तिचे हात थरथरायला लागले, घामानं ब्लाउज भिजला. रक्तातली साखर ५८, फारच उतरलेली. चमच्यानं साखरपाणी पाजलं तेव्हा कुठे ती सावरली.

रात्री घरात वाद पेटला. मामा म्हणाले, भात सोड आणि शिवाजी पार्कला फेऱ्या मार, ही थेरं कशाला? भाची म्हणाली, हल्ली सगळेच घेतात. मला दोघांचंही पटलं नाही. मी स्वतः इंग्लंडात, लेस्टरमध्ये हेच औषध वर्षभर घेते आहे. ते आतड्यातल्या एका संप्रेरकासारखं काम करतं, मेंदूतली भूक शमवतं, पोट सावकाश रिकामं करतं. ज्यांची भूक वर्षानुवर्षं ऐकतच नाही, त्यांना 'मनावर घे' म्हणणं हा अन्याय आहे.

पण मला पहिली सुई मिळण्याआधी नर्सनं पित्ताचे खडे, स्वादुपिंडाची सूज, घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग, सगळं खोदून विचारलं. सुरुवात आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमनं, डोस वाढवायचा तर चार आठवड्यांनी. आणि सुई बदलली तरी पेन दुसऱ्याचं वापरायचं नाही, कारण रक्तातून संसर्ग होऊ शकतो. ताईला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

इंग्लंडातली माणसं जास्त शहाणी आहेत असं मी म्हणणार नाही. तिथेही लोक ऑनलाइन फॉर्मवर खोटं वजन भरून औषध मागवत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये औषधदुकानांच्या नियामकाला सांगावं लागलं, नुसत्या फॉर्मवर विसंबू नका, वजन पडताळून पाहा. मुंबईत याच जातीचं माउंजारो त्याच वर्षी मार्चमध्ये आलं, वेगोवी (वजनासाठीचं सेमाग्लुटाइड) जूनमध्ये. आपल्याकडे डॉक्टर कमी नाहीत, परळपासून वांद्र्यापर्यंत हवे तितके आहेत. पण औषध सुरू झाल्यावर दर महिन्याला त्यांच्याकडे परत जायची सवय आपल्याला नाही, आणि या औषधाचं सगळं भलंबुरं त्या फेऱ्यांवरच ठरतं.

दुसऱ्याच दिवशी ताईला तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ते पेन बंद केलं, ग्लिमेपिराइड कमी केली आणि रक्त तपासून ०.२५ पासून नव्यानं सुरुवात करून दिली. आता मी दर सोमवारी फोन करते. किलो विचारत नाही. डाळ, अंडं पोटात जातंय ना, उलट्या नाहीत ना, सकाळची साखर किती, एवढंच विचारते.

तिच्या मैत्रिणीनं मात्र औषध का सोसलं नाही, हे स्वतःच्या डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.